मद्याचा जमाखर्च

ज्युबिलीच्या स्मरणिकेत काय असावे, याचा एक ठरलेला परिपाठ आहे. मंदिराची पायाभरणी केव्हा झाली, घंटा कोणी दिली, बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, या गोष्टी क्रमाने नमूद कराव्यात व देवाचे आभार मानावेत. हा परिपाठ योग्यच आहे व या पुस्तिकेच्या अन्य पानांत तो पाळलेला वाचकांस आढळेल. परंतु प्रत्येक धर्मग्रामात एक वही अशी असते की जी कोणी ठेवीत नाही. मृत्यूच्या नोंदीत 'यकृताचा विकार', 'अपघात', 'अल्प आजार' असे शब्द आपण लिहितो. त्या शब्दांच्या मागे जे कारण पुष्कळदा उभे असते, ते लिहिले जात नाही. घरच्या मंडळींची लाज राखावी म्हणून आपण मौन धरितो. आणि या मौनामुळेच दुसऱ्या घरास सावध होण्याची संधी मिळत नाही. यास्तव या आनंदाच्या वर्षी आम्ही मुद्दाम मद्यपानाच्या इतिहासाचा विषय हाती घेतला आहे.

आपली शाहूपुरी ही पेढ्यांची व खतावण्यांची वस्ती. येथील लहान मुलासही जमा व नावे हे दोन शब्द कळतात. तेव्हा त्याच भाषेत बोलावयाचे तर आमचे म्हणणे एवढेच आहे: गेल्या दीडशे वर्षांत मद्याची जमा एका वहीत लिहिली गेली व नावे दुसऱ्याच वहीत पडत गेली. जमा खजिन्यात व दुकानदाराच्या गल्ल्यात दिसली. नावे मात्र घराघरांतील स्त्रियांच्या व लेकरांच्या नशिबी पडली. या दोन वह्या शेजारी ठेवून कोणी बेरीज केली नाही, म्हणून हा धंदा आजवर फायद्याचा वाटत आला.

प्रथम आपल्या वस्तीकडे पाहू. १८९१ साली मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली. पुढे १८९५ साली राजर्षी शाहू छत्रपती महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसविली, म्हणून तिला त्यांचे नाव. पंचगंगेच्या व भोगावतीच्या काठचा ऊस गुऱ्हाळांत जाई, काहिलीत त्याचा रस आटे व गुळाचे रवे बैलगाड्यांतून येथील अडत्यांच्या दारी उतरत. कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले. २०१४ साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. या गुळाने शेतकऱ्यास पैसा दिला, हमालास व तोलाईदारास काम दिले, शाळा व वसतिगृहे यांस देणग्या दिल्या. परंतु उसाच्या गोडीला दोन वाटा आहेत. एक वाट स्वयंपाकघराकडे जाते, दुसरी भट्टीकडे. चांगला गूळ पेढीवर विकला जातो. काळा, नासका गूळ नवसागर व पाणी यांसह पिंपात आंबविला की त्याचे 'कच्चे रसायन' होते, व ते ओढ्याकाठी तापविले की हातभट्टीची दारू उतरते. साखर कारखान्यांची मळीही त्याच वाटेने जाते. तिच्यापासून काढलेल्या मद्यार्कातून सरकारमान्य देशी दारू तयार होते. ऊस निष्पाप आहे, गूळ निष्पाप आहे. तथापि ज्या जिल्ह्याची समृद्धी उसावर उभी आहे, त्याने दुसऱ्या वाटेचाही विचार करणे प्राप्त आहे.

कोणी म्हणेल, मद्यपान पुरातन आहे, त्यात नवे ते काय? हे खरे आहे. कोकणात माडी व ताडी, डोंगरी मुलुखात मोहाची दारू, गोव्यात काजूची व माडाची फेणी, हे प्रकार जुने आहेत. परंतु त्या काळी पिण्यास ऋतूची, सणाची व जातिरिवाजाची मर्यादा असे. झाड गावचे, भट्टी गावची, व पिणाराही गावच्या नजरेखालचा. इंग्रजी अमलात सरकारने मद्याचा मक्ता देण्याची जुनी वहिवाट पुढे चालविली, आणि १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने सर्व कारभार एका सूत्रात बांधिला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मोठ्या भट्ट्यांत मद्य गाळावयाचे, त्यावर कर घ्यावयाचा व दुकानांचे परवाने द्यावयाचे, अशी ही व्यवस्था. कुलाबा जिल्ह्यातील उरण हे मोहाच्या मद्याचे मोठे ठाणे झाले. ताडीच्या झाडांवरील कर वाढला व भंडारी समाजाच्या पिढीजात धंद्यावर गदा आली. १८९२ साली तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही कायद्याने निर्बंध आले.

या व्यवस्थेचा हेतू मद्यपान आटोक्यात ठेवणे हाच आहे, असे सरकार सांगे. परंतु ज्या वस्तूच्या विक्रीवर खजिना भरतो, ती वस्तू कमी खपावी अशी मनापासूनची इच्छा खजिन्यास कशी व्हावी? पुढे मुंबई इलाख्याच्या उत्पन्नात अबकारीचा वाटा जवळजवळ चौथ्या हिश्शावर गेला. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण व अबकारी ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाती आली, तेव्हा तर मोठाच पेच पडला: बापाने गुत्त्यात पैसा टाकावा तेव्हा मुलाच्या शाळेस पैसा मिळावा, असा तो हिशेब होता.

या हिशेबावर आक्षेप घेणारेही आपल्याच महाराष्ट्रात निघाले. महात्मा जोतीराव फुले हे पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन झाले व लोकमान्य टिळकांनी त्या चळवळीस पाठबळ दिले. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्तीतून एका देवीचा संचार सुरू झाला. तो दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पोहोचला तेव्हा दारू व ताडी सोडा, स्वच्छ राहा, अशी त्या देवीची आज्ञा म्हणून गावेच्या गावे एकत्र जमून शपथ घेऊ लागली. त्यांपैकी बहुतेक निरक्षर होते. परंतु मद्याच्या उधारीत आपली जमीन सावकाराच्या व मद्यविक्रेत्याच्या घशात जात आहे, एवढा हिशेब त्यांस पुरता कळला होता. फुल्यांपासून या आदिवासी बांधवांपर्यंत सर्वांचे म्हणणे एकच दिसते की, ही केवळ एकेका माणसाची खोड नव्हे, तिच्यामागे एक व्यवस्था उभी आहे.

पुढील अध्याय दारूबंदीचा. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. ते स्वतः नामांकित वैद्य होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी पुकारली गेली व बुडणाऱ्या उत्पन्नाच्या भरपाईसाठी स्थावर मिळकतीवर कर बसविण्यात आला. खजिन्याची वही व घराची वही शेजारी ठेवण्याचा हा आमच्या मते पहिला प्रामाणिक प्रयत्न होय. महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व तो प्रयत्न खंडित झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ हा त्या वर्षीच्या जून महिन्यात अमलात आला. त्याच वर्षी १ मार्च रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते. त्यामुळे हा कायदा आपल्या नगरासही लागू झाला. उपासनेसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची मुभा त्यात राखलेली होती. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरविला.

या बंदीने काय साधले व काय साधले नाही, हे दोन्ही सांगितले पाहिजे. गुत्ता डोळ्यांसमोरून गेला, अनेक घरांत पगाराचा पैसा घरी येऊ लागला, हे त्या काळच्या वृद्धांनी आम्हांस सांगितले आहे. परंतु भट्टी नष्ट झाली नाही. ती ओढ्यात, चाळीत व खाडीकाठी गेली. मुंबईत तर 'आंटीचा गुत्ता' हा शब्दच रूढ झाला, आणि त्या आंटींपैकी कित्येक आपल्याच ख्रिस्ती समाजातील होत्या, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांपैकी पुष्कळ जणी विधवा अथवा मद्यपी नवऱ्याच्या बायका होत्या. ज्या विषाने त्यांचे घर बुडविले, तेच विकून त्यांनी लेकरे वाढविली. त्यांस दोष देण्यास आमची जीभ उचलत नाही. परंतु बंदीने विक्री दडविता येते, तहान नाहीशी करिता येत नाही, हा धडा त्यातून निघतो.

१९६० नंतर महाराष्ट्र राज्याने परवान्यांची पद्धत सैल केली, व १९७३ च्या नियमांनी देशी दारूची विक्री पुन्हा राजमार्गावर आली. मौज अशी की कायद्याचे नाव आजही दारूबंदीचाच कायदा असे आहे. प्यावयाचे तर परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यास पाच रुपयांस व देशीस दोन रुपयांस मिळतो. दारूबंदीच्या कायद्याखाली दारूची विक्री चालावी, यापेक्षा दोन वह्यांचे दुसरे उदाहरण ते कोणते? २०२५ च्या जून महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले, तेव्हा त्यापासून वर्षास १४,००० कोटी रुपयांची जादा भर अपेक्षिली होती. किंमत वाढल्याने पिणे कमी होते, हे शास्त्रास मान्य आहे; पण खप घटला तर अपेक्षित भर पडणार नाही, आणि भर पडावी तर खप टिकला पाहिजे. १८७८ सालचा पेच अद्यापि सुटलेला नाही.

आता दुसरी वही उघडू. जे स्वस्त विष गुप्तपणे विकले जाते, त्याचा परिणाम सर्वांत भयंकर. डिसेंबर २००४ मध्ये मुंबईच्या विक्रोळी भागात विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे दगावली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी येथे शंभराहून अधिक. अशा मद्यात मिथेनॉल असते. ते चवीने ओळखू येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, ते प्रथम दृष्टीच्या मज्जातंतूवर घाला घालते व मग प्राण घेते. मरणारे बहुतेक रोजंदारीचे लोक. त्या दिवशी ज्यांनी घरी पैसा आणावयाचा होता, त्यांस घरच्यांनी खांद्यावरून न्यावे लागले.

परंतु एका रात्रीत शंभर मेले की वर्तमानपत्र लिहिते. रोज एकेक मरतो, त्याची बातमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली जगात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले. त्याच वर्षी भारत सरकारने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तीप्रमाणे आपल्या देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि सुमारे ५ कोटी ७० लाखांस त्यापासून अपाय होत आहे अथवा ते त्याचे दास झाले आहेत. पिणाऱ्यांत एका स्त्रीमागे सतरा पुरुष. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील पुरुषांत मद्य घेणारे शेकडा सुमारे १४ आढळले. म्हणजे बहुसंख्य पुरुष पीतच नाहीत. 'सगळेच पितात' हे जे वाक्य लग्नाच्या मांडवात तरुणास ऐकविले जाते, ते असत्य आहे, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

त्याच पाहणीतील आणखी एक आकडा आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानितो. ज्यांचे पती मद्य घेत नाहीत, अशा स्त्रियांपैकी शेकडा २३ जणींनी पतीकडून मारहाण अथवा अत्याचार सोसला होता. हेही प्रमाण लाजिरवाणेच आहे. परंतु ज्यांचे पती वारंवार धुंद होतात, अशांपैकी शेकडा ७० जणींनी तो सोसला होता. दहापैकी सात. पिणारा पुरुष, परंतु नावे पडते स्त्रीच्या. धर्मगुरूस घराघरांत जावे लागते. बंद कपाटे, विकलेले दागिने, शाळा सुटलेली थोरली मुलगी, बापाच्या पावलाचा आवाज ऐकून गप्प होणारी पोरे, ही आम्ही अनेक ठिकाणी पाहिली आहेत. त्यांची बेरीज कोणत्याही अंदाजपत्रकात नसते.

म्हणूनच या लढ्यात अलीकडे स्त्रियाच पुढे आल्या, यात नवल नाही. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांनी मोर्चे काढिले व २०१५ साली तेथेही बंदी आली. २०२१ साली सरकारने ती उठविली. २००८ च्या आदेशाप्रमाणे एखाद्या गावातील अथवा प्रभागातील शेकडा २५ स्त्री-मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चित्रे असतात, आणि यादीतील एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीस मत दिले तर दुकान बंद होते. यातील मेख अशी की जी स्त्री मतदानास येत नाही, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीस पडल्यासारखेच होते. ज्या दिवशी मतदान, त्या दिवशी नवऱ्याने दार लावून घेतले, सासूने कामास जुंपले अथवा शेजारणीने 'आपल्याला काय करायचे' असे म्हटले, की दुकान राहिले. दुकान बंद झाले तरी घाटापलीकडून गोव्याची स्वस्त दारू चोरवाटांनी येतेच. तेव्हा बंदी हे कुंपण आहे. कुंपणाने पीक राखले जाते, उगवत नाही.

मग उगवण कशाने होते? याविषयी जगाचा अनुभव सांगतो. आयर्लंडमधील फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कॅपुचिन धर्मगुरूंनी १८३८ साली कॉर्क शहरी मद्यत्यागाची शपथ देण्यास आरंभ केला. लाखो लोकांनी ती घेतली. परंतु मागाहून दुष्काळ पडला, लोक पांगले, १८५६ साली मॅथ्यू वारले व ती लाट ओसरली. शपथ देणारा थोर होता, परंतु शपथ घेणाऱ्यास रोजची सोबत देणारी व्यवस्था मागे उरली नाही. त्याच देशात डब्लिनच्या मॅट टॅल्बट या मजुराने १८८४ साली प्रथम तीन महिन्यांपुरतीच शपथ घेतली, मग सहा महिन्यांची, मग जन्माची. आणि १९२५ साली मृत्यू येईतो, चाळीस वर्षे, त्याने मद्यास स्पर्श केला नाही. थोड्या थोड्या मुदतीची ही युक्ती पुढे १९३५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या मंडळाने आपलीशी केली: आजचा एक दिवस पिणार नाही, एवढेच. त्यात व्यसनमुक्त झालेला माणूसच दुसऱ्याचा हात धरितो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, त्यास पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी साहाय्य केले. तेथेही उपचारासोबत सोबतीलाच मोठे स्थान आहे.

मद्यासक्ती हा आजार आहे व तो बरा होण्याजोगा आहे, ही गोष्ट अद्यापि आपल्या घरांत पोहोचलेली नाही. वर सांगितलेल्या २०१९ च्या पाहणीत मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकास काहीतरी उपचार मिळाल्याचे आढळले. बाकीच्यांस काय मिळते? शिव्या, शपथा व उपदेश. येथे एक व्यावहारिक सूचना करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दीर्घकाळ व फार पिणाऱ्याने एकाएकी सोडिले तर त्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. तेव्हा अशा माणसास देवळात आणून शपथ देण्यापूर्वी वैद्याकडे न्यावे. प्रार्थनेने वैद्याची जागा घेऊ नये. वैद्यानेही सोबत्याची जागा घेऊ नये.

कोणी विचारील की, धर्मगुरू ज्या वेदीवर द्राक्षारस अर्पण करितात, तेथूनच हा उपदेश कसा? काना येथील लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला नाही काय? प्रश्न योग्य आहे. द्राक्षारस हे देवाचे दान आहे, असे ख्रिस्तसभा मानिते. ती वस्तूस पाप म्हणत नाही. परंतु काना येथे यजमानाची लाज राखली गेली. आपल्या आजच्या मांडवात यजमान कर्ज काढून बाटल्या मांडतो, न मांडल्या तर पाहुणे नावे ठेवतात, आणि पहाटे कोणाची तरी पत्नी एकटी घरी जाते. या दोन भोजनांची तुलना होऊ शकत नाही.

तेव्हा या ज्युबिलीच्या वर्षी आम्ही धर्मग्रामस्थांपुढे तीन गोष्टी ठेवितो. पहिली, ज्युबिलीच्या भोजनात व यापुढे धर्मग्रामाच्या सभागृहातील कोणत्याही समारंभात मद्य नसावे; ज्या घरास ते परवडत नाही, त्यास नाही म्हणण्याचे धैर्य यामुळे येईल. दुसरी, आठवड्यातून एक सायंकाळ सभागृहातील एक खोली व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांसाठी व दुसरी त्यांच्या बायकामुलांसाठी उघडी असावी. तेथे नाव विचारले जाणार नाही. कोणत्याही धर्माचा व जातीचा मनुष्य तेथे येऊ शकेल, कारण हे दुःख धर्म विचारून येत नाही. तिसरी, ज्या घरात हे दुःख आहे, त्या घराविषयी आपण कुजबुज सोडून द्यावी व दारावर जाऊन थाप मारावी. मदत मागावयास लाज वाटते, म्हणून मदतीनेच पुढे व्हावे.

खजिना आपली वही ठेवीतच राहील. ते त्याचे काम आहे. घरांची वही मात्र आपणच ठेविली पाहिजे. पुढील ज्युबिलीची स्मरणिका जो कोणी लिहील, त्यास त्या खोलीविषयी चार ओळी लिहिता याव्यात, एवढीच आमची देवापाशी मागणी आहे.